पेवातली सभा

दिवाळी झाली की आमच्या गावातला आवाज निघून जातो. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॉल्यांत बसून कारखान्यांवर जातात आणि गल्लीच्या गल्ली कुलपात पडते. मागं राहतात म्हाताऱ्या, शेरडं, आणि माझ्यासारखी एखादी, जिला गावानं उपसरपंच करून ठेवलंय. सरपंच स्वतः मुकादम, टोळी घेऊन कर्नाटकात. नवरा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर. अर्धं वर्ष गाव माझ्या ताब्यात असतं, असं मी त्याला चिडवायची. "सांभाळ तुझी कुलपं," तो म्हणायचा.

मी माजलगावच्या बाजारपेठेत वाढलेली. नांदूरघाटच्या पलीकडं या गावात लग्न होऊन आले तेव्हा इथली एक रीत बघून मला हसू आवरेना. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात पूजा करून पंगत बसते. पण शेतवाले तर उसात. मग मागं राहिलेल्या बायका गेलेल्यांच्या जागी बसतात. वाढणारी विचारते, "कुनाच्या जागी?" बसलेली सांगते, "शेजारच्या थोरल्या सुनेच्या." मग त्या सुनेला जे चालतं तेच पानात पडतं, आणि तिला तिखट सोसत नसेल तर बसलेलीनंही आंबील पिऊन उठायचं. माझी सासू, जिला मी आत्या म्हणते, एका वर्षी गल्लीतल्या लंगड्या पाव्हण्याच्या जागी बसली. घरापासून बांधापर्यंत लंगडत गेली आणि लंगडतच परत निघाली.

मी म्हटलं, "आत्या, आता बघायला कुनी न्हाई, नीट चाला की."

"बसलं की बसलं," त्या म्हणाल्या. "मधीच उठलं तर तिकडं त्याचा पाय घसरतो."

मी घरी येऊन पोट धरून हसले होते. हे आधी सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते या रितीशिवाय कळणार नाही.

माझी नणंद नर्स. बीडच्या एका दवाखान्यात काही वर्षं काढून ती परदेशात एका म्हातारीची सेवा करायला गेली. देशाचं नाव इथं लिहीत नाही, लिहून कुणाचं भलं होणार नाही. तिथं लढाई सुरू झाली. त्याआधी कुरबूर चालू असतानाच ती एकदा सुट्टीवर आली होती, तेव्हा तिनं आत्यांच्या फोनवर एक सोय करून दिली. तिकडं विमान आलं की त्या शहरातल्या लोकांच्या फोनवर भोंगा वाजतो. तोच भोंगा त्याच वेळी आत्यांच्या फोनवरही वाजणार होता.

"आई, हे वाजलं की समजायचं, मी तळघरात गेले," तिनं आईला समजावलं. "घाबरायचं न्हाई. मग घंटी वाजली की समजायचं, मी वर आले."

पहिल्यांदा तो वाजला तेव्हा भर दुपार होती. मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. आधी भोंगा, मग एका बाईचा आवाज. परकी भाषा, एक शब्द कळेना, पण बाई अगदी शांतपणे बोलत होती. गल्लीत दोन्ही बाजूंना कुलपं आणि मधून तो आवाज चाललेला. शेरडं रवंथ करायची थांबली. मला भीती वाटली की मी आधी चिडते, तशी चिडले. "बंद करा ते!" मी ओरडले.

आत्यांनी फोन उचलून भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि त्या अंगणाच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं आमचं जुनं पेव आहे. पूर्वी ज्वारी साठवायला जमिनीत खोल खड्डा काढायचे, तोंड अरुंद, आत पोट मोठं, ते पेव. आता ज्वारी पत्र्याच्या कोठीत असते आणि पेव माझ्या लग्नाआधीपासून रिकामं होतं. आत्यांनी पहारीनं झाकणाचा दगड सरकवला. म्हणजे पोरगी सांगून गेली तेव्हाच त्यांनी तो एकदा सरकवून बघितला असणार, कडेची माती ताजी होती. कंदील पेटवून दोरीनं खाली सोडला. बंद पेवातली हवा माणूस मारते, म्हणून दिवा आधी उतरतो. कंदील जळत राहिला. आत्यांनी शिडी लावली आणि पदर खोचून त्या खाली गेल्या.

"आत्या, काय करायलाव तुमी?"

"पोरगी खाली गेली," खालून आवाज आला. पेवातून येणारा आवाज त्या माणसाचा वाटत नाही. मातीच आतून बोलते असं वाटतं. "घंटी वाजली की हाक मार. खाली रेंज येत न्हाई."

मी शेंगा सोलत बसले. दुसरं काय करणार? घंटी वाजली तसं मी पेवाच्या तोंडाशी जाऊन म्हटलं, "झालं, या वर." आत्या वर आल्या, पायांची माती झटकली आणि चहा ठेव म्हणाल्या.

मला वाटलं, आईचं काळीज, करू द्या. पण महिना संपायच्या आत शेजारच्या दोन म्हाताऱ्या यायला लागल्या, मग वरच्या आळीच्या. कुणी त्यांना बोलावलेलं मी ऐकलं नाही. भोंगा वाजला की कुठूनतरी दार करकरायचं, आणि रिकाम्या गल्लीतून एकेक लुगडं आमच्या अंगणाकडं यायचं. म्हाताऱ्या शिडी उतरायच्या. पेवाचं तोंड त्यांना एकेक करून गिळायचं आणि अंगण पुन्हा मोकळं. मी वर एकटी, देवळीतला फोन, आणि ती परकी बाई.

एकदा मी तोंडाशी वाकून ऐकलं. खाली बोलणं चाललं होतं.

"शिवणकामवाल्या बाई, जरा सरका."

"मास्तर, तुमचा चश्मा संबाळा."

"लेकरू रडायलंय, घ्या की त्याला."

आमच्या गल्लीत शिवणकामवाली नाही. शाळेचा मास्तर जीपनं येतो आणि जीपनं जातो. आणि त्या पेवात एकही लेकरू नव्हतं. पण कुणीतरी अंगाई म्हटल्यासारखं गुणगुणायला लागलं आणि मग दुसरी म्हणाली, "निजलं." मी मागं झाले. म्हाताऱ्या भ्रमिष्ट झाल्या असं मी ठरवून टाकलं. तेवढं ठरवलं की रात्री झोप येत होती.

नणंदेचा फोन यायचा तेव्हा सगळ्या म्हाताऱ्या गोळा व्हायच्या. फोन मोठ्या आवाजात लावायचा. ती तिच्या इमारतीतल्या माणसांचं सांगायची आणि म्हाताऱ्या खोदून खोदून विचारायच्या. खालच्या मजल्यावरली शिवणकाम करणारी काय म्हणते, रिटायर मास्तरांचा चष्मा सापडला का, जिन्याशेजारच्या लेकराला दात आले का. मला वाटायचं, यांना चघळायला काहीतरी मिळालं.

एके दिवशी तिनं मला एकटीला फोन केला.

"वैनी, आईजवळ बोलू नका. मी खाली जात न्हाई."

"मंजे?"

"आजीच्या पायात जीव न्हाई. चिमटा काढला तरी कळत न्हाई तिला. भोंगा झाला की लिफ्ट बंद व्हती. चौथ्या मजल्यावरून मी तिला कशी उतरवू? तिला एकटी सोडून जायला माजा पाय उचलत न्हाई. आमी दोघी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसतो."

मला तिचा भयंकर राग आला. परक्या म्हातारीसाठी स्वतःचा जीव पणाला लावायचा, आणि इथं तिची आई शिडी चढून-उतरून गुडघे दुखवून घेतेय. मी ते बोललेही. ती म्हणाली, "वैनी, एक हाय. इथं बॉम्ब टाकनाऱ्यांना ते मिळतात दुसऱ्याच एका देशातून. तिथल्या संसदेत आता कायदा यायलाय. साध्या मानसांच्या वस्तीवर टाकनार न्हाई असं पक्कं झाल्याबिगर बॉम्ब द्यायचेच न्हाईत, असा. मतदान हाय लवकरच. आमची समदी इमारत टीव्हीपुढं बसलीय. तो झाला तर खाली जायची पाळीच येनार न्हाई."

त्या कायद्याचं तिनं पुढच्या फोनवर सगळ्यांनाच सांगितलं. तळघराचं तेवढं आमच्या दोघीत राहिलं, आणि ते पोटात ठेवणं मला जड जाऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना आत्या म्हणाल्या, "तिकडच्या पंचायतीत ठराव यायलाय. आपल्या बी पंचायतीत घे."

"आत्या, आपल्या नळाचा ठराव तालुक्याला कुनी वाचत न्हाई. परमुलखातल्या लढाईचा कोन वाचंल?"

"तू वाच. मोठ्यानं वाच. समद्यांनी हात वर करू."

"त्यानं काय हुईल?"

"मला काय म्हाईत? तिकडं बी हातच वर करनार हायेत ना?"

मी ग्रामसभा लावली. ग्रामसेवक केजहून मोटारसायकलीवर आला. सरळ माणूस, पण नियमाचा पक्का. विषय ऐकून त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"मॅडम, रस्ता, पाणी, दिवाबत्ती. लढाई कशात घालू?"

"आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीनं," मी म्हटलं. "आज अध्यक्ष मी हाय. परवानगी दिली."

पण गणपूर्तीच झाली नाही. उसाच्या दिवसांत आमच्याकडं ती कधीच होत नाही. सभा तहकूब केली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, कायद्यात तशी सोय आहे, आणि आमचं गाव त्या सोयीवरच चालतं. पुढच्या आठवड्यात तीच सभा पुन्हा मारुतीच्या पारावर भरली. समोर म्हाताऱ्या, मागं कुलपं.

मी ठरावाचा कागद उघडला आणि आत्यांच्या कमरेला खोचलेला फोन वाजला.

म्हाताऱ्या उठल्या. पारावरून उतरून आमच्या अंगणाकडं चालू लागल्या. ती परकी बाई बोलत होती आणि त्या तिच्या मागं चालल्यासारख्या चालल्या होत्या. ग्रामसेवक माझ्याकडं बघायला लागला.

"मॅडम, सभा संपली समजायचं का?"

"सभा खाली चाललीय," मी म्हटलं. "चला."

का म्हटलं कुणास ठाऊक. राग होता, लाज होती, आणि तो ठराव एकदाचा डोक्यावरून उतरवायचा होता. मी पेवाच्या तोंडाशी पालथी पडले आणि खाली वाचलं. परमुलखात चाललेल्या लढाईत साध्या माणसांच्या वस्तीवर बॉम्ब टाकू नयेत. जे लोक उतरू शकत नाहीत त्यांना उतरवायची सोय करावी. तसा कायदा जिथं व्हायचा असेल तिथं तो लवकर व्हावा. खाली कंदिलाचा उजेड होता, पण चेहरे दिसत नव्हते. पांढऱ्या मातीवर नुसते हात दिसत होते, वर केलेले.

"सूचक?" मी विचारलं.

"मी," आत्या.

"अनुमोदक? नाव सांगा."

ग्रामसेवक माझ्या शेजारी उकिडवा बसून लिहीत होता. खालून एक आवाज आला.

"शिवनकाम करनारी. खालचा मजला."

मग दुसरा, जाडसर, पुरुषासारखा. "मास्तर. दुसरा मजला." ती वरच्या आळीची म्हातारी होती, हे मला नंतर आठवून आठवून कळलं. त्या क्षणी मला आवाज ओळखू आला नाही. "जिन्याशेजारची. लेकराचा बी हात धरलाय." "बेकरीवाला." "बेकरीवाल्याची बायको." एकेक बोलत गेली. पेवातून ती अख्खी इमारत बोलली.

ग्रामसेवकाचं पेन थांबलं. "मॅडम, ही माणसं आपल्या मतदार यादीत नाहीत."

मला तोवर कळून चुकलं होतं. म्हाताऱ्या भ्रमिष्ट नव्हत्या. येळवशीची पंगत खाली बसली होती. नणंदेनं फोनवर सांगितलेलं एकेक माणूस त्यांनी वाटून घेतलं होतं, आणि भोंगा वाजला की त्या माणसाच्या जागी ज्याची त्याची म्हातारी जमिनीखाली जाऊन बसत होती. या खेपेला मला हसू आलं नाही.

"गावकरी लिहा," मी म्हटलं. "सर्वानुमते लिहा."

त्यानं लिहिलं. घंटी वाजायची वाट न बघताच त्यानं मोटारसायकल काढली, टोपी अंगणातच राहिली.

त्या रात्रभर माझ्या मनात एकच घोळत होतं. इमारतीतलं प्रत्येक माणूस बोललं, पण चौथ्या मजल्यावरची आजी बोलली नाही. तिच्या जागी कुणी नव्हतं.

काही दिवसांनी नणंदेचा फोन आला. मी शेरडांना पाला टाकत होते. आत्या चुलीपाशी होत्या.

"वैनी, मतदान पुढं ढकललं. त्या दिवशी सभागृहात पुरेशी मानसंच आली न्हाईत म्हनं."

"तहकूब?" मी विचारलं.

"हां, तसंच काहीतरी."

मला हसू फुटलं. वाईट हसू होतं ते, थांबेचना. तिकडंही माणसं बाहेरगावी गेली असतील. तिकडंही कुलपं असतील. मी हसत असतानाच भोंगा झाला. देवळीतल्या फोनमधून आला आणि माझ्या कानाशी धरलेल्या फोनमधूनही आला, तिच्या खिडकीतून. दोन्हीकडून एकच आवाज. मधे मी. "ठेवते, वैनी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज गेला.

आत्या शिडीपाशी पोचल्या होत्या. कंदील खाली सोडून त्या उतरल्या. म्हाताऱ्या आल्या, उतरल्या. मी तोंडाशी गेले आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं माझ्याच्यानं ठेववेना.

"आत्या, या वर!" मी ओरडले. "काय उपेग न्हाई त्याचा! ताई खाली जातच न्हाईत. वर बसतात त्या, त्या म्हातारीजवळ. तुमाला खोटं सांगितलंय त्यांनी. मला बी म्हाईत हुतं."

खाली कंदिलाची ज्योत तेवढी हलली.

"मला म्हाईत हाय," आत्या म्हणाल्या.

"कवापासून?"

"पयल्यापासून. पोटची पोर हाय माजी. लुळ्या मानसाला टाकून ती जिना उतरंल का? मनून तर मी उतरते. ती उतरली असती तर मला कशाला उतरायचं हुतं?"

पाला हातात तसाच होता.

"पोरीच्या जागी मी हाय," त्या म्हणाल्या. "म्हातारीच्या जागी कुनी न्हाई. आमी इथं समद्या गुतलोत, एकीला दोन जागा बसता येत न्हाई. ती म्हातारी वर हाय तवर पोरगी बी वरच. तुला सांगनार हुते, पर तू हसतीस."

त्या रागानं बोलल्या नाहीत. त्यामुळंच ते मला फार लागलं. मी शिडीला हात लावला. मग थांबले.

"मी खाली आले तर वरून हाक कोन मारंल? घंटी कळायची न्हाई."

"न कळू दे. बसू की."

मी उतरले. आत ज्वारीचा जुना वास होता, धूर होता आणि गारवा होता. म्हाताऱ्यांनी सरकून जागा केली. आत्यांच्या शेजारी भिंतीला टेकायला एक जागा आधीच मोकळी होती, आणि तिथली माती कुणी बसल्यासारखी दबलेली नव्हती. वाढणारी विचारते तसं त्यांनी विचारलं, "कुनाच्या जागी?"

"आजीच्या," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"चपला काड. पाय लांब कर. तिचे वाकत न्हाईत."

मी पाय लांब केले. मातीवर टाचा टेकल्या आणि तळव्यांना गारवा चढायला लागला. शिवणकामवाली काहीतरी शिवत होती, हातात सुई नव्हती. लेकरू निजलेलं होतं. वर आमच्या अंगणात, अख्ख्या गल्लीत, कुणीही नव्हतं. आत्यांनी माझ्या पायांवर पदर टाकला आणि वरून चेपत राहिल्या, नणंद चेपत असेल तसे. मी हलले नाही. मधेच उठलं तर काय होतं ते मला सांगितलेलं होतं.

वर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घंटी कधी वाजून गेली, ते कुणालाच कळलं नाही. थोड्या वेळानं नणंदेचा फोन आला. समोरच्या इमारतीचा कोपरा गेला होता. यांच्या खिडक्या सगळ्या फुटल्या, पण आतल्या खोलीत काचेचा एक तुकडा आला नाही.

"वैनी, आई बरी हाय ना?"

"बरी हायेत. चहा पितायत. तुमची आजी?"

"तिचंच सांगायचं हुतं. ती लई घाबरलीय, पर भोंग्याला न्हाई. मला सारखी मनायलीय, माजे पाय बघ, माजे पाय बघ. मी बघितले, काही न्हाई. चिमटा काढला तर कळला न्हाई. पर ती मनती, पायाला गार लागायलंय. खाली माती हाय, मनती."

मी उंबऱ्यावर बसले होते. माझ्या टाचांना पांढरी माती अजून तशीच लागलेली होती. त्या संध्याकाळी मी पाय धुतले नाहीत.